ग्रीन बे पॅकर्सचे उन्हाळी सराव आणि संघबांधणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा फुटबॉल नेमका कोणता आणि उदाहरणासाठी हाच संघ का निवडला?

येथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा अमेरिकन फुटबॉल, आणि स्पर्धा म्हणजे बत्तीस संघांची नॅशनल फुटबॉल लीग, अर्थात एनएफएल. ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातील जेमतेम १ लाख ७ हजार वस्तीचे गाव. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या ठिकाणीही याहून अधिक माणसे राहतात. तरीही १९१९ साली स्थापन झालेला पॅकर्स हा संघ लीगमधील सर्वाधिक, म्हणजे तेरा, अजिंक्यपदे मिळवून बसला आहे, आणि त्याच्या लँबो फील्ड मैदानात ८१ हजार प्रेक्षक मावतात. या संघाला मालक नाही. पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत, ज्यांना ना लाभांश मिळतो, ना आपला भाग बाजारात विकता येतो. लहरी मालकाची मर्जी मध्ये येत नसल्यामुळे येथील संघबांधणीचे निर्णय बऱ्याच अंशी तर्काने उलगडता येतात. म्हणून नियम सर्व संघांचे सांगितले असले तरी दाखले पॅकर्सचे, आणि मुख्यतः २०२५ च्या उन्हाळ्यातील दिले आहेत.

हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो, मग एप्रिलपासून खेळाडू मैदानावर काय करतात?

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील करारानुसार वसंतातील कार्यक्रम नऊ आठवड्यांचा असतो आणि त्याचे तीन टप्पे पाडलेले असतात. पहिल्या दोन आठवड्यांत बैठका, व्यायामशाळा आणि जुन्या दुखापतींवरील उपचार एवढेच चालते. पुढच्या तीन आठवड्यांत प्रशिक्षक खेळाडूंना मैदानावर घेऊ शकतात, पण आक्रमक फळी आणि बचाव फळी यांना समोरासमोर उभे करता येत नाही. शेवटच्या चार आठवड्यांत दहा दिवसांचे संघसराव होतात, ज्यांना सगळे जण ‘ओटीए’ (ऑर्गनाइझ्ड टीम अ‍ॅक्टिव्हिटीज) या आद्याक्षरांनीच ओळखतात. त्यांत अकरा विरुद्ध अकरा असा खेळ मांडता येतो, डोक्यावर हेल्मेट असते, मात्र खांद्यावर पॅड नसतात आणि कोणी कोणाला पाडायचे नसते. याच काळात तीन दिवसांचा मिनीकॅम्प असतो.

नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर एप्रिल हे वाचन, मे-जून या उभ्या तालमी, ऑगस्टमधील तीन सराव सामने ही रंगीत तालीम आणि सप्टेंबरमधील पहिला साखळी सामना हा शुभारंभाचा प्रयोग. उभ्या तालमीत संवाद पाठ आहेत की नाहीत ते कळते. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो का, हे तेथे कळत नाही.

हजेरी सक्तीची असते का?

तीन दिवसांचा मिनीकॅम्प सोडला तर बाकी सगळे कागदोपत्री ऐच्छिक आहे. ‘कागदोपत्री’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण ज्याची जागा पक्की नाही असा तरुण खेळाडू मे महिन्यात घरी बसण्याचे धाडस क्वचितच करतो, आणि अनेक जुन्या खेळाडूंच्या करारातही उन्हाळी हजेरीचा वेगळा बोनस लिहिलेला असतो. मिनीकॅम्पला दांडी मारली तर मात्र दंड होतो; २०२५ मध्ये तिन्ही दिवसांची अनुपस्थिती १ लाख डॉलरहून अधिक रकमेला पडत होती.

म्हणूनच अनुपस्थिती ही एक प्रकारची भाषा आहे. २०२५ मध्ये एल्गटन जेंकिन्स याला आक्रमक फळीच्या पुढच्या रांगेतील लेफ्ट गार्डच्या जागेवरून मधोमधच्या सेंटरच्या जागेवर हलवण्याचे ठरले, तेव्हा तो ऐच्छिक सरावांकडे फिरकला नाही. बदललेल्या जबाबदारीबरोबर करारही बदलावा, ही अपेक्षा त्यामागे होती.

अंगाला अंग लावू न देण्याचा नियम खरोखर पाळला जातो का?

पाळला जातो, कारण प्रत्येक सरावाचे चित्रीकरण होते आणि लीग ते तपासू शकते. सिअ‍ॅटल सीहॉक्सने २०१६ च्या उन्हाळ्यात हा नियम मोडला, तेव्हा संघाला ४ लाख डॉलर आणि मुख्य प्रशिक्षक पीट कॅरल यांना २ लाख डॉलर दंड झाला, शिवाय पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधील, म्हणजे विद्यापीठांतील नवे खेळाडू संघांनी फेरीफेरीने निवडण्याच्या वार्षिक सोहळ्यातील, पाचव्या फेरीची निवडही गेली. पैसे गेल्याचे संघांना फारसे वाटत नाही. निवड गेलेली मात्र झोंबते.

मे-जूनच्या बातम्यांत प्रत्येक खेळाडू ‘जबरदस्त फॉर्मात’ असतो. त्यावर किती विश्वास ठेवावा?

फार थोडा. पॅड नसताना आणि धक्का देण्याची मुभा नसताना चेंडू झेलणारा प्रत्येक रिसीव्हर चपळ दिसतो, कारण त्याला झेलताच आडवे करणारा कोणी नसतो. उलट पुढच्या रांगेत एकमेकांना रेटण्याचे काम करणाऱ्या लाइनमनबद्दल या दिवसांत जवळजवळ काहीच सांगता येत नाही. दीडशे किलोचा माणूस दुसऱ्या दीडशे किलोच्या माणसाला अडवू शकतो का, हे अडवल्याशिवाय कसे कळणार? आक्रमणाची सूत्रे हाती असलेल्या, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचेही तेच: त्याला हात लावायचा नाही, हे बचावपटूंना ठाऊक असते आणि त्यालाही ठाऊक असते.

माझ्या मते उन्हाळ्यात कोण कसा खेळतो यापेक्षा कोण कुठे उभा राहतो हे पाहावे. पहिल्या फळीबरोबर कोणाला उतरवले, दुसऱ्या फळीत कोण सरकला, कोणाला नवी जागा शिकवली जात आहे, पंट, म्हणजे लाथेने दूर धाडलेला चेंडू, झेलण्यासाठी मागे कोणाची रांग लागली आहे, या गोष्टी प्रशिक्षक पत्रकार परिषदेत सांगत नाहीत, पण मैदानावर लपवूही शकत नाहीत.

२०२५ चा सर्वांत बोलका दाखला बो मेल्टनचा. हा मुळात वाइड रिसीव्हर. २०२३ च्या हंगामात एका सामन्यात शंभर यार्डांची मजल मारणारा पॅकर्सचा पहिला रिसीव्हर तोच होता. जून महिन्यात मात्र तो बचाव फळीकडे जाऊन रिसीव्हरला रोखणाऱ्या कॉर्नरबॅकचे पदलालित्य गिरवताना दिसला, म्हणजे आयुष्यभर ज्यांना चकवले त्यांच्याच जागेवरून, उलट्या पावलांनी धावण्याचा सराव. त्याचा धाकटा भाऊ मॅक्स हा अ‍ॅरिझोना संघात कॉर्नरबॅक आहे, तेव्हा घरात शिकवणी उपलब्ध होती असे म्हणायला हरकत नाही. त्या एका दृश्यातून दोन गोष्टी कळत होत्या: रिसीव्हरांची गर्दी झाली आहे आणि कॉर्नरबॅक कमी पडत आहेत.

कॉर्नरबॅक कमी का पडले होते?

कारण ९ जून २०२५ रोजी, सक्तीच्या मिनीकॅम्पच्या आदल्या दिवशी, पॅकर्सने जायर अलेक्झांडरला मुक्त केले. २०१८ मध्ये पहिल्या फेरीत निवडलेला आणि २०२२ मध्ये चार वर्षांसाठी ८ कोटी ४० लाख डॉलरचा वाढीव करार मिळालेला हा खेळाडू तब्येतीने धड असता तर लीगमधील उत्तम कॉर्नरबॅकमध्ये गणला जाई. पण २०२१ ते २०२४ या चार हंगामांतील ६८ साखळी सामन्यांपैकी तो नेमके ३४ खेळला. निम्मे सामने बाकावर आणि पगार पूर्ण, हे गणित कोणत्याही हिशेबनिसाला रुचणारे नाही. कमी पैशांत करार नव्याने लिहिण्याच्या वाटाघाटी फिसकटल्या आणि संघाने त्याला सोडून वेतनमर्यादेत सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरची जागा मोकळी केली. मार्चमध्येच चार वर्षांसाठी ४ कोटी ८० लाख डॉलर देऊन नेट हॉब्जला आणले होते, तेव्हा चाणाक्ष वाचकांना अंदाज आधीच आला असणार.

वेतनमर्यादा म्हणजे काय?

प्रत्येक संघाने खेळाडूंच्या वेतनावर वर्षाला जास्तीत जास्त किती खर्च धरायचा याची लीगने आखलेली रेषा. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख झाली. करारावर सही करताना दिलेली मोठी रक्कम हिशेबात पुढील वर्षांवर वाटता येते, म्हणून एखाद्याला आज मुक्त केले तरी त्याच्या जुन्या रकमेचा उरलेला भार वहीत शिल्लक राहतो. घर विकले तरी कर्जाचे हप्ते चालूच, असा हा प्रकार. १ जूननंतर एखाद्याला सोडल्यास तो भार दोन वर्षांत विभागता येतो, आणि मोठी नावे अनेकदा जून उजाडल्यावरच का सुटतात याचे एक कारण हे आहे.

‘निवडा आणि घडवा’ हे पॅकर्सचे धोरण अजून टिकून आहे का?

या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबवावे लागेल, कारण सगळी संघबांधणी येथेच येऊन मिळते.

बाहेरचे महागडे खेळाडू आणण्यापेक्षा ड्राफ्टमधून तरुण घ्यायचे, त्यांना दोन-तीन वर्षे मुरू द्यायचे आणि आधीचा महाग झाला की त्याच्या जागी पुढे सरकवायचे, ही या संघाची जुनी रीत आहे. क्वार्टरबॅकच्या जागेवर ती लखलखीत दिसते: ब्रेट फार्व्हच्या मागे अ‍ॅरन रॉजर्स तीन वर्षे बसला, रॉजर्सच्या मागे २०२० मध्ये निवडलेला जॉर्डन लव्ह तीन वर्षे बसला, आणि २०२३ मध्ये त्याच्या हाती सूत्रे आली. जुलै २०२४ मध्ये लव्हला चार वर्षांसाठी २२ कोटी डॉलरचा वाढीव करार मिळाला. तो होईपर्यंत तो सराव शिबिरात हजर होता, बैठकांना बसत होता, पण चेंडू फेकत नव्हता. घरी रुसून बसण्यापेक्षा मांडवात येऊन न जेवण्याची ही पद्धत आता लीगभर रूढ झाली आहे, कारण न येणाऱ्याला दंड होतो आणि येऊन न खेळणाऱ्याला होत नाही.

महाव्यवस्थापक ब्रायन गुटेकुन्स्ट यांनी मात्र या रीतीला मुरड घातली. २०२४ मध्ये त्यांनी चेंडू घेऊन धावणारा जॉश जेकब्स आणि बचावात सर्वांत मागे उभा राहणारा सेफ्टी झेवियर मॅकिनी यांना बाहेरून आणले. जेकब्सने पहिल्याच हंगामात १,३२९ यार्ड धाव घेतली, मॅकिनीने आठ चेंडू अडवून हिरावले. दोन्ही फासे सरळ पडल्यावर हिंमत वाढली असावी, कारण २०२५ मध्ये गार्ड अ‍ॅरन बँक्सला चार वर्षांसाठी ७ कोटी ७० लाख डॉलर देण्यात आले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ड्राफ्टचा सोहळा ग्रीन बेमध्येच भरला होता आणि तीन दिवसांत तेथे सहा लाखांची गर्दी झाली. तेविसाव्या क्रमांकावर पॅकर्सने टेक्सास विद्यापीठाचा मॅथ्यू गोल्डन निवडला. पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हर घेण्याची या संघाची २००२ नंतरची ही पहिलीच वेळ होती. गरज उघड होती. २०२४ मध्ये एकाही रिसीव्हरने हजार यार्ड गाठले नव्हते, सर्वांत पुढे असलेल्या जेडन रीडचे ८५७ होते, हातातून सुटलेल्या चेंडूंची चर्चा हंगामभर चालली होती आणि ख्रिश्चन वॉटसनच्या गुडघ्याचा अस्थिबंध जानेवारीत शिकागोविरुद्धच्या सामन्यात तुटला होता.

सराव शिबिर लोकांना पाहता येते का, आणि ती सायकलींची प्रथा काय आहे?

वसंतातील सराव बहुतांशी बंद दाराआड होतात. जुलैच्या उत्तरार्धात सुरू होणाऱ्या शिबिराचे अनेक दिवस मात्र सर्वांना खुले असतात. गावातील मुले आपापल्या सायकली घेऊन लँबो फील्डबाहेर रांगेत थांबतात. खेळाडू कपडे करून बाहेर येतो, एखाद्या मुलाची सायकल मागून घेतो आणि रस्त्यापलीकडच्या रे नित्शके सराव मैदानाकडे निघतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलीची ती गुलाबी सायकल, हँडलला झिरमिळ्या, आणि तिच्यावर गुडघे कानांपाशी आणून पायडल मारणारा अवाढव्य लाइनमन. शेजारून त्याचे हेल्मेट दोन्ही हातांनी छातीशी धरून ती मुलगी धापा टाकत पळते आहे. विन्स लोंबार्डी प्रशिक्षक होते त्या काळापासून हे चालत आले आहे. काही मुलांची आणि खेळाडूंची जोडी वर्षानुवर्षे टिकते; खेळाडूला संघाने सोडले की त्या मुलालाही नवा स्वार शोधावा लागतो.

शिबिरातील पहिले काही दिवस पॅडशिवाय जातात, मग पॅड चढतात, आणि उन्हाळ्यातील मते खरी ठरतात की खोटी हे तेव्हा कळू लागते. २०११ च्या करारापासून दिवसातून दोनदा पॅड घालून सराव घेण्यास बंदी आहे. २०२५ मध्ये या दिवसांत सर्वांचे लक्ष आक्रमक फळीच्या पुढच्या रांगेत डाव्या टोकाला असलेल्या लेफ्ट टॅकलच्या जागेवर होते, कारण सातव्या फेरीतून वर आलेला रशीद वॉकर आणि २०२४ चा पहिल्या फेरीचा जॉर्डन मॉर्गन यांच्यात ती जागा वादात होती. शेवटी वॉकरने ती राखली.

नव्वदांतून त्रेपन्न कसे निवडतात?

उन्हाळ्यात संघाकडे नव्वद खेळाडू असू शकतात. ऑगस्टअखेर, सराव सामने संपल्यावर, ठरलेल्या दिवशी दुपारी चारपर्यंत त्यांतून त्रेपन्न उरवायचे असतात. बत्तीस संघांचा हिशेब केला तर एकाच दिवशी जवळजवळ १,२०० माणसे कामावरून कमी होतात. निरोप देणाऱ्या कर्मचाऱ्याला खेळाडूंच्या बोलीत ‘द टर्क’ म्हणतात. तो वाटेत गाठून सांगतो की साहेबांनी बोलावले आहे, येताना टॅबलेट घेऊन ये; डावपेचांची वही आता टॅबलेटवर असते आणि ती परत केली की नोकरी संपली.

पहिल्या चाळिसेक जागांवर फारसा वाद नसतो. भांडण असते ते शेवटच्या आठ-दहा जागांवर, आणि तेथे प्रशिक्षक एकच प्रश्न विचारतात: पंट आणि किकऑफच्या वेळी हा माणूस उपयोगी पडतो का? पाचवा-सहावा रिसीव्हर झेल किती सुंदर घेतो यापेक्षा पंटच्या मागे सुसाट धावून समोरच्याला पाडतो का, याला मोल असते. कॉर्नरबॅकचा प्रयोग करणारा मेल्टन संघात राहिला तो मुख्यतः या गुणावर. आणि कॅन्सस सिटीबरोबर तीन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकलेला मेकोल हार्डमन, ज्याला मार्चमध्ये करारबद्ध केले होते, तो ऑगस्टमध्ये बाहेर पडला. पदके कपाटात राहतात.

वगळलेल्यांचे पुढे काय होते?

चार हंगाम पूर्ण न केलेला खेळाडू ‘वेव्हर’ नावाच्या यादीत जातो आणि चोवीस तास कोणताही संघ त्याच्यावर हक्क सांगू शकतो; प्राधान्य मागील वर्षी सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला. कोणी मागितले नाही तर त्याला सोळा जणांच्या सराव पथकात घेता येते. २०२५ मध्ये सराव पथकात आठवड्याला किमान १३ हजार डॉलर मिळत, तर त्रेपन्नातील नवख्याचे वर्षाचे किमान वेतन ८ लाख ४० हजार डॉलर होते. एका रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे केवढे अंतर, ते यावरून कळावे. सराव पथकातील दोघांना प्रत्येक सामन्यासाठी तात्पुरती बढती देता येते, आणि दुसरा संघ त्याला आपल्या त्रेपन्नात घेऊन पळवूही शकतो.

हा बाजार किती अनिश्चित असतो, हे पॅकर्सच्या किकरवरून पाहावे. २०२४ च्या शिबिरात चुरस खेळलेले सगळे किकर त्यांनी नाकारले आणि वेव्हर यादीतून ब्रेडन नार्व्हसनला उचलले. त्याने १७ पैकी ५ प्रयत्न चुकवले. ऑक्टोबरमध्ये ब्रँडन मॅकमॅनस आला, त्याने पहिल्याच सामन्यात शेवटच्या क्षणी किक मारून ह्यूस्टनवर २४-२२ असा विजय मिळवून दिला आणि हंगामात २१ पैकी २० प्रयत्न साधले. तीन महिन्यांच्या तालमीत न सापडलेले पात्र प्रयोग सुरू झाल्यावर विंगेतून यावे, तसे.

राखीव क्वार्टरबॅकला एवढे महत्त्व का देतात?

२०२४ चा सप्टेंबर आठवावा. ऑगस्टअखेर पॅकर्सने टेनेसीला सातव्या फेरीची एक निवड देऊन मलिक विलिसला घेतले. दोनच आठवड्यांत ब्राझीलमध्ये साओ पाउलो येथे फिलाडेल्फियाविरुद्ध लव्हचा गुडघा दुखावला. डावपेचांची अर्धीमुर्धी ओळख असलेल्या विलिसने पुढचे दोन्ही सामने जिंकून दिले, त्यांतला एक तर त्याला सोडून देणाऱ्या टेनेसीविरुद्धच. संघ त्या वर्षी ११ विजय आणि ६ पराभवांसह प्लेऑफ या बाद फेरीत गेला. ते दोन विजय वजा करून पाहावेत.

शिबिर सुरू होताना जखमी असलेल्या खेळाडूची जागा जाते का?

जात नाही. त्याला ‘पप’ नावाच्या, म्हणजे अजून खेळण्यास असमर्थ असलेल्यांच्या, यादीत ठेवता येते. हंगाम सुरू होताना तो त्या यादीत असेल तर त्रेपन्नात धरला जात नाही, पण त्याला निदान पहिले चार सामने मुकावे लागतात. वॉटसन असाच थांबला आणि २६ ऑक्टोबर २०२५ रोजी पिट्सबर्गविरुद्ध परतला.

मायका पार्सन्सच्या सौद्याने सगळे चित्र बदलले का?

बदलले. २८ ऑगस्ट २०२५ रोजी, म्हणजे त्रेपन्न ठरून दोन दिवस झाल्यावर, पॅकर्सने डॅलसकडून पार्सन्स या, समोरच्या क्वार्टरबॅकवर चाल करून जाणाऱ्या बचावपटूला मिळवले. बदल्यात २०२६ आणि २०२७ च्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि बचाव फळीच्या मधोमध नऊ हंगाम खेळलेला केनी क्लार्क दिला, आणि पार्सन्सशी चार वर्षांसाठी १८ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला; एवढा मोठा करार तोवर क्वार्टरबॅक सोडून कोणालाही मिळाला नव्हता. त्या उन्हाळ्यातील पॅकर्सच्या एकाही सरावात नसलेला हा माणूस दहा दिवसांनी डेट्रॉइटविरुद्ध उतरला आणि संघ २७-१३ ने जिंकला. मे महिन्यापासून बचाव फळीचे तक्ते मांडणाऱ्या आम्हा सर्वांचे कागद त्या दिवशी रद्दीत गेले, हेही नमूद करायला हवे.

आपल्याकडून हे पाहायचे तर वेळा कोणत्या?

उन्हाळ्यात ग्रीन बे आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. तेथील सकाळी साडेदहाचा सराव म्हणजे आपल्याकडे रात्रीचे नऊ; रविवारी दुपारी बाराचा सामना येथे रात्री साडेदहाला सुरू होतो आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे बदलली की साडेअकराला. सोमवारच्या कार्यालयाचे काय करायचे ते ज्याने त्याने ठरवावे.

यापुढच्या उन्हाळ्यांत कशाकडे लक्ष ठेवावे?

सर्वप्रथम पार्सन्सच्या गुडघ्याकडे. १४ डिसेंबर २०२५ रोजी डेन्व्हरमध्ये त्याचा अस्थिबंध तुटला, आणि अशा शस्त्रक्रियेनंतर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागते; त्यामुळे वसंतातील सरावात तो कडेला धावताना दिसला तरी त्यातून सप्टेंबरबद्दल निष्कर्ष काढू नये, शिबिराच्या सुरुवातीला त्याचे नाव कोणत्या यादीत आहे ते पाहावे. दुसरे म्हणजे दुसऱ्या ते चौथ्या फेरीतून आलेली मुले. आपल्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी डॅलसला देऊन बसलेल्या संघाला पुढचा टॅकल आणि पुढचा कॉर्नरबॅक याच मुलांमधून उभा करावा लागणार आहे, तेव्हा ओटीएमध्ये दुसऱ्या फळीच्या टोकाला कोण उभा आहे आणि शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात तो कुठवर सरकला आहे, हे टिपून ठेवावे. क्लार्क गेल्यापासून बचाव फळीच्या मधोमध जी जागा रिकामी पडली आहे, तिच्याबद्दल मात्र पॅड चढेपर्यंत कोणी काहीही सांगितले तरी ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे.